आठशे सत्तर मीटरचा चार्ज

निपाणी भागातल्या एका रस्ते उपविभागाच्या कचेरीत जुन्या नोंदी पाहताना मला एकाच माणसाची बारा पत्रे सापडली. प्रत्येक पत्र एक जूनचे, पहिले २०१३ सालचे आणि शेवटचे २०२४ चे. मजकूर जवळजवळ एकच : ‘मी मैलकामगार रवळू कुरणकर, दिनांक ३१ मे २०१३ रोजी सेवानिवृत्त झालो. माझ्या ताब्यातील रस्ता ८७० मीटर सुस्थितीत आहे. तरी चार्ज घेणारा माणूस पाठवावा.’ पत्रे मराठीत, त्यांच्यावरचे आवक शिक्के कन्नडमध्ये. उत्तर एकालाही दिलेले नव्हते. २०२३ च्या पत्रात मात्र एक ओळ जास्त होती : ‘हायवेची भिंत दोन पावले जवळ आली आहे.’ त्या ओळीपुढे मी माझ्या वहीत प्रश्नचिन्ह केले आणि कंसात ‘वय?’ असे लिहिले. ते मला नंतर खोडावे लागले, म्हणून येथे नोंदवते.

रवळूअण्णांची गाठ घेतली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्यांच्या कुरणवाडीत. गावाचे आणि त्यांचे नाव मी बदलले आहे. अंतरे आणि आकडे बदललेले नाहीत.

शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९५३ आहे. त्यांच्या वर्गातल्या एकोणतीस मुलांपैकी सव्वीस जण एक जूनलाच जन्मलेले असल्याने या तारखेवर मी फार भार टाकत नाही. १९७९ साली ते रोजंदारीवर रस्त्याच्या गँगमध्ये लागले आणि पुढे कायम झाले. काम ठरलेले : डांबर तापवायचे, खड्डे भरायचे, गटारी उपसायच्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढायचे, वर्षातून दोनदा सात दिवस रस्त्याकडेला बसून वाहने मोजायची. त्यांच्या वाट्याच्या मैलात कुरणवाडीचे वळण होते. मुंबईहून बेंगळूरला जाणारी प्रत्येक गाडी त्या वळणावर वेग कमी करी, आणि त्या कमी झालेल्या वेगावर गाव जगत असे. जयाबाईंचे ‘हॉटेल हायवे’ त्याच वळणावर उभे राहिले. गावातल्या मुलींना स्थळे येत ती ‘रोडटच गाव’ म्हणून. ज्याच्या अंगणातून रात्री ट्रकचे दिवे भिंतीवर फिरत, तो आपल्या घराला वीज येण्याआधीच उजेड आला होता असे सांगे.

२००३ साली हायवे चौपदरी आणि सरळ झाला. वळण वगळले गेले. नवा रस्ता गावापासून तीसच मीटरवर, परंतु उंच भिंतीवरून जाऊ लागला. वर चढायचे तर साडेतीन किलोमीटर लांबच्या भुयारी मार्गाने वळसा घालावा लागे. गाव ‘रोडटच’ राहिले नाही. ‘हायवेला लागून’ झाले. सोयरीक जुळवणाऱ्यांना या दोन शब्दांतले अंतर चांगले समजते.

वळणावरून गेलेली शेवटची बाहेरची गाडी रवळूअण्णांनी टिपून ठेवली आहे : सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे, मोटारसायकल, दुधाचे दोन कॅन. त्यानंतर तीन दिवस गावातले लोक रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहत थांबत आणि काहीच येत नाही म्हणून आणखी थोडे थांबत. जयाबाईंना अनेकांनी सुचवले की हॉटेलचे दार मागे काढून घ्या. त्यांनी दार हलवले नाही. “म्या काय केलंय? तोंड हायवेनं फिरवलंय. त्यालाच लाज आली तर बगंल वळून.”

उरलेला तुकडा आठशे सत्तर मीटरचा. एका टोकाला हायवेची भिंत, दुसऱ्या टोकाला शेताची पायवाट, एक ट्रॅक्टर जेमतेम जाईल एवढी. कचेरीच्या आदेशात लिहिले होते : ‘जुने वळण पुढील आदेशापर्यंत राखावे.’ पुढील आदेश आला नाही. म्हणून रवळूअण्णांनी राखले. दहा वर्षे त्यांनी कुठेही न जाणाऱ्या रस्त्याचे खड्डे भरले, ‘पुढे धोक्याचे वळण’ हा फलक दर दिवाळीला रंगवला आणि ‘बेळगाव ६४’ या दगडावरचे शेवाळ खरवडले. सरकारी पगार घेऊन, सरकारी आदेशानुसार, पूर्ण प्रामाणिकपणे.

निवृत्तीच्या दिवशी अडचण झाली. चार्जच्या यादीत पाच बाबी होत्या : घमेले एक, फावडे एक, लाल निशाण एक, हिरवे निशाण एक, रस्ता ८७० मीटर. गुदाम सांभाळणाऱ्या कारकुनाने पहिल्या चार वस्तू घेऊन सह्या केल्या. पाचव्या बाबीवर त्याचे पेन थांबले.

“ह्ये कुठं ठेवू?” तो म्हणाला.

“ठेवायचं न्हाय. सांबाळायचं,” रवळूअण्णा म्हणाले.

“तुमच्या जाग्यावर नवा माणूस येनार न्हाय, अण्णा. पोस्टच रद्द झालीया. सही कोन करनार?”

“मग माझ्याकडंच ऱ्हातोय म्हना की.”

“ऱ्हाऊ द्या तात्पुरता,” कारकून म्हणाला आणि जेवायला गेला.

त्या ‘तात्पुरत्या’ला अकरा वर्षे झाली होती. निशाणे परत केल्यामुळे रवळूअण्णांनी सुनेच्या जुन्या लुगड्याचे लाल निशाण शिवून घेतले होते. रोज सकाळी सहाला ते भिंतीपासून पायवाटेपर्यंत रस्ता झाडत. चार्ज न देता मेलेला माणूस, त्यांच्या समजुतीप्रमाणे, सरकारी मालमत्ता घेऊन पळालेला माणूस होता. “घमेलं हरवलं तर भरून देता येतंय,” ते मला म्हणाले. “रस्ता हरवला तर म्या कुठनं आनू?”

त्यांच्याकडे एक अपघात नोंदवही आहे. २००३ नंतर तिच्यात एकच नोंद दिसते. १७ मार्च २०१६. वाहन : सायकल. चालक : रवळू कुरणकर. कारण : चालकाचे दुर्लक्ष. मृत : एक कोंबडी, लाल, जयाबाई यांची.

मी ही नोंद जयाबाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी चहाचे पातेले खाली उतरवले.

“मेली? माजी कोंबडी? त्येच्या बाद पाच म्हैने अंडी घातली तिनं! ह्या रवळूअण्णाला इचारा, त्यानं सोता खाल्ल्यात.”

रवळूअण्णांनी अंडी नाकारली नाहीत. “पाय वर करून पडलीवती. म्या लगीच लिवलं. मागनं उठली ती.”

“मग खोडायचं न्हाय व्हय?”

“वहीत खाडाखोड चालत न्हाय, जयाक्का.”

“बगा!” जयाबाई मला म्हणाल्या. “ह्यो मानूस कोंबडीला जिती हुऊ दीना.”

मी दोन्ही निवेदने तारखेसह उतरवून घेतली. लिखित पुरावा एका बाजूला आणि अंडी दुसऱ्या बाजूला, असा पेच माझ्यासमोर पूर्वी आलेला नव्हता.

संकट आले ते मी तेथे जाण्याच्या पंधरा दिवस आधी. रस्त्यांची नवी यादी तयार होत होती आणि तिच्यासाठी आकाशातून छायाचित्रे घेतली होती. कुरणवाडीकर गेली वीस वर्षे त्या मोकळ्या डांबरावर सोयाबीन, हरभरा आणि शाळू वाळवतात, मळतात. रवळूअण्णांनी त्यासाठी डावी बाजू नेमून दिली होती, आणि हंगामात ते ‘एकेरी वाहतूक चालू’ असा फलक लावत. उजवी बाजू वाहतुकीसाठी मोकळी ठेवलेली असे. वाहतूक तेवढी नसे. छायाचित्रात रस्त्याच्या जागी लांबच लांब पिवळा पट्टा दिसला. यादीत शेरा पडला : ‘रस्ता आढळत नाही. खळे.’

ही बातमी घेऊन कनिष्ठ अभियंता राजेश्वरी आल्या, तेव्हा मी कुरणवाडीतच होते. त्या बेळगावच्या शहापूर भागातल्या विणकर घरातल्या. वडिलांचे अजून दोन माग चालतात. कचेरीत त्या नव्या होत्या, त्यामुळे पत्रांची फाइल त्यांनी खरोखरच वाचली होती.

“मामा,” त्यांनी स्पष्ट सांगितले, “यादीतनं नाव गेलं की रस्ता गेला. जागा दुसऱ्या खात्याकडे जाणार, ते कुंपण घालणार. तुमचा चार्ज मग कुणी घेऊ शकत नाही. नसलेल्या रस्त्यावर सही कोण करेल?”

“आनि म्या पंचेचाळीस वर्सं काय झाडलं?”

“त्याला कागदावर उत्तर नाही, मामा. एकच वाट आहे. सात दिवस वाहतूक मोजायची. रोजची सरासरी पन्नास वाहनं निघाली, तर ‘चालू रस्ता’ म्हणून मी शेरा बदलून घेते. मग तो पंचायतीकडे देता येईल आणि पंचायतीचा माणूस तुमच्या यादीवर सही करेल.”

“मोजनार कोन?”

राजेश्वरी मॅडम थोड्या संकोचल्या. “माणूस नाही आमच्याकडे. या भागात गणनेचं प्रशिक्षण घेतलेले तुम्हीच एक उरलाय.”

ज्या रस्त्याचे अस्तित्व पणाला लागले होते, त्याचा राखणदारच त्याचा साक्षीदार नेमला गेला. संशोधक म्हणून माझा या पद्धतीला आक्षेप होता आणि मी तो बोलून दाखवला. रवळूअण्णांना तो समजलाच नाही. “मोजायचं म्हंजे मोजायचं,” ते म्हणाले. माझा आक्षेप किती निराधार होता, ते सोमवारी कळले.

सोमवारी सहा वाजता ते ‘बेळगाव ६४’ च्या दगडाशेजारी पोते अंथरून बसले. छायाचित्रावरचा डाग पुसण्यासाठी गावाने रस्ता धुऊन स्वच्छ केला होता. रवळूअण्णांचा मुलगा परशराम निपाणीहून बेळगावला भाजीचा टेम्पो नेतो. त्याने त्या दिवशी धंदा बंद ठेवला आणि गावातल्या सगळ्या गाड्या गोळा केल्या : चार टेम्पो, सहा ट्रॅक्टर, मोटारसायकली किती ते त्यालाही ठाऊक नव्हते. पायवाटेच्या टोकाकडून रांग निघाली, दगडासमोरून भिंतीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. असे दुपारपर्यंत चालले. काहींनी हार लावले होते. एका ट्रॅक्टरवर स्पीकर होता. जेवणाच्या सुटीत परशराम वडिलांजवळ आला.

“किती झालं, आप्पा?”

“शून्य.”

“आं? समोरनं चाळीस येळा गेलो की मी!”

“कुठं गेलास?”

“तितं. भिंतीपातूर.”

“आनि मग?”

“मग काय, आलो माघारी.”

“मग घरातच हुतास असं धर.”

कारण असे : १९८६ साली बेळगावला गणनेच्या प्रशिक्षणात एका साहेबांनी शिकवले होते की, गाडी कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते म्हणून ती वाहतूक, नुसती हलते ती करमणूक. टेहळणीच्या जागेसमोर येऊन माघारी वळलेले वाहन मोजायचे नाही. मी रवळूअण्णांची त्या वेळची वही पाहिली आहे. वाक्य तसेच आहे आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. आता ज्या रस्त्याच्या टोकाला भिंत आहे, तेथे प्रत्येक वाहन माघारीच वळणार. नियम काटेकोर लावला तर या रस्त्यावर वाहतूक होणे तत्त्वतः अशक्य होते.

“आप्पा, निस्त्या रेघा वड की वहीत! कोन बगतंय?”

“म्या बगतोय.”

“ह्यो मानूस सोताच्या लेकाला मोजंना,” जयाबाई हॉटेलातून ओरडल्या, “सरकारला काय मोजून दावनार!”

मंगळवारी गाड्या पुन्हा फिरल्या. आता प्रत्येक चालक दगडासमोर थांबून कारण सांगे. एकाने सांगितले की तो भिंत बघायला चालला आहे. दुसरा म्हणाला, माझा रुमाल तिकडे राहिला. तिसऱ्याने आपल्या सासूला भिंतीजवळ नेऊन बसवले आणि परत येऊन म्हणाला, सासूला आणायला चाललो. रवळूअण्णांनी सासूबाईंना विचारले, “आक्का, तुमी हितं कशाला आलता?” त्या म्हणाल्या, “मला काय म्हाईत? जावई म्हनला, बस.” संध्याकाळी सहाला रकान्यात पुन्हा शून्य होते. परशरामने टेम्पो तसाच घराकडे वळवला.

त्या संध्याकाळी रवळूअण्णा हॉटेलच्या बाकावर बसले. चहा निवला तरी त्यांनी उचलला नाही.

“एक रेघ खोटी वडली,” ते म्हणाले, “तर मागल्या समद्या रेघा खोट्या. मग त्यो रस्ता टिकला तरी माजा ऱ्हात न्हाय.”

जयाबाईंनी बराच वेळ कप विसळले. मग म्हणाल्या, “गाड्यास्नी काम न्हाय म्हनून तू मोजंनास. व्हय?”

“व्हय.”

“मग काम द्या की त्यास्नी. माजी दोन एकराची सोयाबीन कापून पडलीया. मळनी मशीन दिवाळीपातूर कुनाला मिळंना. पसरते सकाळी सगळ्या रस्त्यावर. येऊ द्या ट्रॅक्टर, जाऊ द्या तिच्यावरनं.”

“सगळ्या रस्त्यावर? उजवी बाजू वाहतुकीची हाय.”

“आरं बाबा, तीच वाहतूक!”

ही पद्धत या भागाला नवी नाही. रस्त्यावर काड पसरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली ते मळून घ्यायचे, हे हायवेवर सर्रास चाले. गाडीवाले शिव्या देत आणि दाणे मोकळे होत. रवळूअण्णांनी नोकरीत असताना या गोष्टीवरून कित्येकांशी भांडण काढले होते. आता त्यांनी राजेश्वरी मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मामा, ती गाडी मळणीसाठी बाहेरून येणार आणि मळणी झाली की जाणार ना?”

“व्हय.”

“मग आली म्हणून एक, गेली म्हणून एक. मधल्या फेऱ्या धरू नका. आमच्या घरी धोटा मागावर दिवसभर इकडून तिकडे पळतो, पण पप्पा फक्त साडी मोजतात.”

रवळूअण्णांनी हे वाक्य वहीत उतरवले, तारीख आणि वेळ घातली आणि मला साक्षीदार म्हणून सही करायला लावली.

बुधवारी पहाटे जयाबाईंनी दोन्ही बाजूंवर सोयाबीन अंथरली. बैलगाड्यांतून काड आले, ट्रॅक्टर त्यावर फिरले, मोटारसायकलींवरून पोती गेली. त्या दिवशीची नोंद अडतीस. मशीन न मिळालेले लोक सगळीकडेच होते, आणि असा रस्ता मात्र एकच, जेथे मागून कोणी हॉर्न वाजवत नाही. गुरुवारी शेजारच्या दोन वाड्या आल्या : चौसष्ट. शुक्रवारी सीमेपलीकडून, कागल भागातून ट्रॅक्टर आले : शह्याऐंशी. शनिवारी ब्याण्णव. ‘पुढे धोक्याचे वळण’ या फलकाजवळ एकवीस वर्षांनी प्रथमच गाड्या एकमेकींसाठी थांबल्या, आणि रवळूअण्णा एका हाताने रेघा ओढत दुसऱ्या हाताने लुगड्याचे निशाण दाखवू लागले. ‘हॉटेल हायवे’त बसायला जागा उरली नाही. परशराम आला, तो जयाबाईंची पोती घेऊन निपाणीच्या बाजारात निघाला होता.

“आता मोजशील न्हवं?” त्याने टेम्पोतूनच विचारले.

“कुठं चाललास?”

“निपानीला. सोयाबीन घेऊन.”

रवळूअण्णांनी रेघ ओढली. परशरामने ती पूर्ण होईपर्यंत गिअर टाकला नाही.

रविवारचा आकडा सत्त्याण्णव. जो येतो तो जातो, मग संख्या विषम कशी, म्हणून मी त्यांची चूक दाखवायला गेले. त्यांनी भिंतीकडे बोट केले. एक ट्रॅक्टर दुपारी आला होता आणि त्याचा पंप बिघडल्याने तो तेथेच उभा होता. सोमवारी तो गेला, पण सोमवार गणनेत नव्हता. एकूण तीनशे सत्त्याहत्तर. सरासरी त्रेपन्न पूर्णांक शह्याऐंशी. शेरा बदलला गेला. रस्ता, जो एकवीस वर्षे रस्त्यासारखा राखला म्हणून रस्ता ठरत नव्हता, तो पाच दिवस खळ्यासारखा वापरला म्हणून रस्ता ठरला.

चार्ज देण्याचा दिवस जानेवारीत नेमला. पंचायतीचे विकास अधिकारी, म्हणजे पीडीओ, साईनाथ शिक्का घेऊन आले. जयाबाईंनी फुकट चहा केला. ही गोष्ट गावात चार्जपेक्षा जास्त बोलली गेली. रवळूअण्णांनी धुतलेले धोतर आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेली टोपी घातली होती. यादी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढली. चार बाबींसमोर सह्या होत्या, पाचवीसमोर जागा कोरी.

“आणा इकडे,” साईनाथ म्हणाले, “करून टाकतो सही.”

“आदी मोजा,” रवळूअण्णा म्हणाले.

“अहो, लिहिलंय की आठशे सत्तर.”

“ल्हिलंय म्हनूनच मोजा.”

राजेश्वरी मॅडम आणि पंचायतीचा शिपाई टेप घेऊन गेले. भिंतीपासून पायवाटेपर्यंत आठशे अडुसष्ट भरले. पुन्हा मोजले. आठशे अडुसष्ट.

साईनाथ हसले. “दोन मीटरनं काय होतंय, काका? उन्हाळ्यात डांबर पसरतंय, थंडीत आकसतंय.”

“रस्ता आकसत न्हाय,” रवळूअण्णा म्हणाले. बारा वर्षे ज्या सहीची वाट पाहिली, तिच्यापासून ते हातभर अंतरावर होते, आणि त्यांच्या ताब्यातला माल कमी भरत होता.

निवृत्तीच्या वेळच्या यादीला एक तळटीप आहे : ‘भिंतीपासून बेळगाव ६४ चा दगड २१२ मीटर.’ मॅडमनी ते अंतर टेपने पाहिले. दोनशे दहा. दगड जागचा हललेला नव्हता. त्याच्या बुडातले काँक्रीट जुनेच होते. तेव्हा मला २०२३ च्या पत्रातली ती ओळ आठवली आणि मी वही उघडून सर्वांना वाचून दाखवली. त्या वर्षी हायवेला वरच्या बाजूने एक लेन वाढली होती, आणि भिंत दोन मीटर अलीकडे घेऊन बांधली होती. रवळूअण्णा रोज तेथूनच झाडायला सुरुवात करत. त्यांच्या झाडूला दोन पावले कमी पडू लागली, हे त्यांनी कळवलेही होते.

“मग सोपं आहे,” साईनाथ म्हणाले. “आठशे सत्तर खोडा, अडुसष्ट करा.”

जयाबाईंनी कपाळावर हात मारला. “आरं द्येवा, ह्याला खोडायला सांगू नगासा!”

यावर तासभर चर्चा झाली. शेवटी राजेश्वरी मॅडमनी मार्ग काढला. पाचव्या बाबीसमोर लिहिले गेले : ‘८७० पैकी ८६८ मीटर ताब्यात घेतले.’ साईनाथांनी सही केली, शिक्का मारला. खाली रवळूअण्णांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली : ‘शिल्लक दोन मीटर, माझ्याकडे.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रस्ता झाडणे सोडले. तो आता पंचायतीचा होता. सकाळी सहाला ते भिंतीशी येऊन उभे राहत आणि वर पाहत. जयाबाई म्हणत की हा माणूस भिंतीला पाहुणा आला आहे. मला ते दृश्य पाहवत नसे, एवढे येथे नोंदवते आणि पुढे जाते.

१ जून २०२५ रोजी तेरावे पत्र गेले : ‘माझ्या ताब्यातील रस्ता दोन मीटर हायवेखाली सुस्थितीत आहे असे समजतो. तरी चार्ज घेणारा माणूस पाठवावा.’

आणि या पत्राला उत्तर आले. बारा वर्षांतले पहिले. त्यावर राजेश्वरी मॅडमची सही नव्हती. त्यांची तोवर बदली झाली होती. कुणी तरी नव्या माणसाने फाइल उघडली असावी आणि मागचा कागद पाहून पुढचा लिहिला असावा. कन्नड मजकुराचा आशय असा : ‘सदर दोन मीटरवरून रोज किती वाहने जातात, ते सात दिवस मोजून कळवावे.’

जुलैत मी गेले, तेव्हा ते घरी नव्हते. परशरामने आपल्या टेम्पोतून मला साडेतीन किलोमीटरचा वळसा घालून वर नेले. हायवेच्या कठड्याबाहेर, स्वतःच्या जुन्या रस्त्याच्या बरोबर वर, रवळूअण्णा पोत्यावर बसले होते. मांडीवर वही, शेजारी लाल निशाण. खाली ‘हॉटेल हायवे’चे छप्पर दिसत होते आणि जयाबाई अंगणात उभ्या राहून वर ओरडत होत्या.

“किती झाली रंऽऽ?”

“पयल्या तासात सातशे बारा!” रवळूअण्णांनी मान न वळवता ओरडून सांगितले.

“एवढी कुठं जात्यात बया?”

“कुठं तरी जात्यात, जयाक्का! एक बी माघारी वळंना!”

चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. पान संपत आले होते. त्यांनी नजर रस्त्यावरच ठेवून माझ्याकडे हात पसरला आणि मी माझी वही उघडून तिच्यातली कोरी पाने फाडून त्यांना दिली.